मधली खोली, नवरात्र सोडून

माझ्या भाचेसुनेनं धाराशिवला दोन खोल्या बांधल्या. त्या किरायानं द्यायचं ठरलं तेव्हा ती मला विचारायला आली. "मावशी, तुम्ही इतकी वर्षं किरायदार सांभाळले, दोन हिताच्या गोष्टी सांगा की." येताना वही आणि पेन घेऊन आली होती. मी म्हटलं, वही ठेव बाजूला आणि आधी चहा टाक. किरायदार ही लिहून घ्यायची गोष्ट नव्हे, ती पडशासारखी अंगावर काढायची गोष्ट आहे. तरी चहा होईपर्यंत मी बोलत राहिले आणि दुसरा चहा झाला तरी थांबले नाही. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं जरा पाल्हाळ लावून लिहिते.

आमचं घर तुळजापुरातलं, पुजाऱ्याचं. अंगणाच्या एका बाजूला आम्ही राहायचो आणि समोर एका ओळीत तीन खोल्या होत्या. त्या खोल्या यजमानांसाठी. यजमान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी उतरणारे भक्त. नवरात्र बसलं की तीन खोल्यांत तीस माणसं मावायची आणि कोजागिरी झाली की तिथं उंदरांचं राज्य. निजामाचं राज्य गेलं, पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गावात कचेऱ्या, शाळा, दवाखाना असं वाढत गेलं. वळकटी काखेत मारून कारकून आणि मास्तर दारात उभे राहायला लागले. "खोली हाय का किरायानं?"

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते पसंत नव्हतं. देवीच्या दारात बसून किराया घ्यायचा म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, उंदीर फुकट राहतात ते चालतं, माणसं पैसे देऊन राहिली तर देवी कोपेल होय? त्यावर ते म्हणाले, "मग खोल्यांचं तूच बघ." हे वाक्य त्यांनी पुढं तीस वर्षं वापरलं.

मी एक नियम मनाशी बांधला होता. यजमान दारात आला की त्याच्या पायांवर पाण्याचा तांब्या मी स्वतः ओतायची. किरायदारानं आपले पाय आपण धुवायचे. दोघांत फरक राहिला पाहिजे, नाहीतर डोक्यावर बसतात.

आता हिताच्या गोष्टी. पहिली अशी की किरायदार बघण्याआधी डोक्यावरचं छत बघावं. आमचं राहतं घर काय आणि खोल्या काय, सगळं माळवदाचं. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर माती. दरसाल मृगाच्या आत वर नवी पांढरी माती पसरून चोपून घ्यावी लागे. ती माती खारी असते. तिच्यात पाणी मुरत नाही आणि गवताचं पातंही उगवत नाही, म्हणून तर माळवदावर तीच घालतात. मी ती गाडीभर आणून जिन्याखाली ढीग करून ठेवायची आणि दर पावसाआधी पदर खोचून स्वतः वर चढायची. ज्या मालकाला आपलं छत ठाऊक नाही त्याला किरायदार शिकवतो, आणि ते शिक्षण महाग पडतं.

दवाखान्यातला एक कंपाउंडर पहिल्या खोलीत राहत होता. खोली घेताना माणसं तीन म्हणाला. ती खरंच तीन होती, चौथी शेळी होती. मी म्हटलं, शेळीचं बोलला नव्हता. तो म्हणाला, "काकू, तुम्ही माणसंच विचारली." शेळी अंगणात बांधायची कबुली झाली. पण तिला जिना सापडला, आणि शेळीला उंच जागा दिसली की राहवत नाही. चार दिवस ती माळवदावर हिंडली, खुरांनी चोपलेली माती उकरली, आणि पहिल्या मोठ्या पावसात धार लागली ती नेमकी आमच्या ह्यांच्या जेवणाच्या ताटात. ह्यांनी वर बघितलं, ताट दोन वीत सरकवलं आणि म्हणाले, "खोल्यांचं तू बघतीस ना?" तेव्हापासून खोली देताना मी विचारते, माणसं किती, आणि पायांचे जोड किती.

दुसरी गोष्ट आडाची. आडावर दोर मालकाचा असावा आणि पोहरा ज्याचा त्यानं आणावा. दोर किरायदाराचा असला की आड त्याचा होतो. आमच्याकडं दोन बिऱ्हाडांत एका दोरावरून सहा महिने अबोला होता. दोघी बायका माझ्यामार्फत बोलायच्या. "काकू, त्यांना सांगा वाट द्या म्हणून." समोरची अडीच हातांवर उभी. सांगून सांगून माझा घसा बसला.

किराया किती घ्यावा ते भाचेसुनेनं तीनदा विचारलं. ते मी सांगितलं नाही. ज्याची त्याची हाव आणि ज्याची त्याची लाज बघून तो ठरतो.

तिसरी गोष्ट मात्र मी चुकून शिकले, आणि तीच खरी सांगण्यासारखी आहे.

माझी अट एकच होती, पण लोखंडाची. भाद्रपदातल्या अवसेच्या आत खोली मोकळी करायची आणि कोजागिरी झाली की परत यायचं. सामान कोपऱ्यात रचून वर चादर टाकली तरी चालेल, पण माणसं नकोत. त्या पंधरा-सोळा दिवसांत खोल्या यजमानांच्या. गावातल्या बहुतेक पुजाऱ्यांच्या घरी हीच रीत होती, त्यामुळं किरायदार कुरकुरला तरी जाणार कुठं? कुरकुरणाऱ्यांसाठी माझं एक भाषण तयार असायचं. आमची देवी जागची हलणारी आहे. नवरात्राआधी ती सिंहासन सोडते आणि पलंगावर निजायला जाते. जगाच्या आईला जागा बदलायचा कंटाळा नाही, मग तुम्हाला का? ह्या भाषणापुढं आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं.

एका चैत्रात मधल्या खोलीसाठी तहसील कचेरीतला कारकून आला. बारीक, नम्र, कशालाही "व्हय, व्हय" म्हणणारा. छतावर चढायचं नाही, व्हय. पोहरा आणायचा, व्हय. अवसेच्या आत निघायचं, व्हय. वर त्यानं चिठ्ठीवर सहीसुद्धा केली. असा किरायदार देवीनं धाडला असं मला वाटलं. जो माणूस प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणतो त्यानं एकही गोष्ट ऐकलेली नसते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको बावीस-तेवीस वर्षांची. माहेर येडशीचं, बाप रेल्वेत हमाल. बोलणं कमी. खोलीची जमीन अशी सारवायची की मला माझ्या जमिनीची लाज वाटावी. मी एकदा उगाच म्हटलं, शेण जास्त घालतेस का गं? ती म्हणाली, "हात जास्त घालते, काकू." मला ती आवडली. पण किरायदार आवडला तरी तसं त्याला दाखवू नये, म्हणून मी तोंड वाकडं करून आत गेले.

भाद्रपद अर्धा सरला आणि पलीकडच्या खोलीतला मास्तर वळकटी बांधायला लागला. तिनं मला विचारलं, "मास्तरांची बदली झाली काय?" मी अट सांगितली. तिचा चेहरा एकदम उतरला. नवऱ्यानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मधल्या खोलीतून भांडणाचा आवाज येईल म्हणून मी कान लावून बसले होते, पण तिथून चकार शब्द आला नाही. तर ही तिसरी गोष्ट. अट बाईला सांगावी. बाप्याला सांगितलेली अट चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर राहते.

दुसऱ्या दिवशी ती आली. "काकू, नवरात्रात आमाला राहू द्या. यजमानांचा सैपाक करते, भांडी घासते. एका कोपऱ्यात पडून राहू."

मी भाषण सुरू केलं. सिंहासन, पलंग, जगाची आई, सगळं सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवीला परत यायला सिंहासन असतंय, काकू."

मला राग आला. खोटं बोलणाऱ्याचा येतो त्याहून खरं बोलणाऱ्याचा जास्त येतो. मी म्हटलं, अट म्हणजे अट. ती निघून गेली.

अवस आली, सर्वपित्रीची. घरात पितरांचा सैपाक, माझे हात वड्यांच्या पिठात. कारकून बोचकं घेऊन अंगणात उभा. तेवढ्यात ती आली आणि हळूच म्हणाली, "काकू, अवसेला कुणी घर सोडतं का?"

गावातलं कुणी अवसेला परगावी निघालं तर त्याला अडवणारी मीच. पुजाऱ्याच्या बायकोनं अवसेला बाई घराबाहेर काढली असं गावात झालं असतं. मी पिठाचा हात हवेत नाचवून म्हटलं, "बरं, उद्या उजाडल्यावर. पण उद्या म्हणजे उद्या!"

ती म्हणाली, "व्हय, काकू." हे नवऱ्यासारखंच व्हय आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. हे पहाटेपासून देवळात, मी आमच्या देवघरात. घट बसवून, माळ चढवून मी अंगणात आले तर मधल्या खोलीतून ऊद जळल्याचा वास येत होता. मी दारात गेले आणि तिथंच थांबले. पूर्वेच्या कोपऱ्यात पत्रावळीवर माती, मातीवर मातीचा घट, पानं, नारळ, वर झेंडूची माळ, आणि बाजूला समई तेवत होती. समोर वाटीत चांदीचे दोन टाक. मागं भिंतीला लागून त्यांचं बांधलेलं बोचकं, आणि ती हात जोडून बसलेली. कारकून कोपऱ्यात असा उभा होता की भिंतीत शिरता आलं तर शिरेल.

बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलत नाही. हे गावातल्या बायकांना सांगत फिरणारी मी. तिनं मला माझ्याच दोन्ही नियमांत पकडलं होतं. आदल्या दिवशी अवसेच्या, आणि आता घटाच्या.

मी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. "काकू, माझी दोन लेकरं राहिली न्हाईत. तीन नवरात्रं एकाच जागी घट बसवीन असं म्या आईला बोलले हाय. भूमला बसवला तर वरीस व्हायच्या आत बदली. उमरग्याला बसवला, फिरून बदली. हिथं पुन्हा पहिल्यापासून. मला आता तिसरा महिना हाय. तुमी मला मारा, पर घट ऱ्हाऊ द्या."

मी तिला मारणार होते की काय! पण मनात इतका संताप होता की मी तशीच निघून आले. संताप तिचा किती आणि माझाच किती, हे आज सांगता येणार नाही. देवीच्या पायाशी राहायला येऊन ह्या पोरीला देवीचाच घट बसवायला जागा नव्हती, आणि ती जागा मी अडवून बसले होते. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळलं म्हणून लगेच वळतंच असं नाही.

दुपारी हे देवळातून आले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी भुवया वर करून म्हटलं, "घट हलवता येत न्हाई."

"ते मला माहीत आहे. अव्वाचं काय करू?"

"खोल्यांचं तू..."

"पुढचं बोलू नका," मी म्हटलं.

अव्वा म्हणजे आमची सगळ्यात जुनी यजमान. कर्नाटकाच्या हद्दीपलीकडली, मोठ्या शेतकऱ्याची म्हातारी. नवी नवरी होऊन आली तेव्हापासून दरसाल चौथ्या माळेला दोन गाड्या जुंपून, दहा-बारा माणसं घेऊन यायची आणि मधल्या खोलीतच, पूर्वेच्या भिंतीशीच निजायची. अर्धी कानडी, अर्धी मराठी बोलायची आणि आवाज असा की देवीलासुद्धा ऐकू जावं. असा यजमान रुसून शेजारच्या पुजाऱ्याकडं गेला की एकटा जात नाही, त्याची मुलं, नातवंडं, पुढच्या सगळ्या पिढ्या घेऊन जातो. आणि आमचा शेजारी भलता हसरा माणूस होता. गाड्यांचा आवाज आला की दारात येऊन उभा राहायचा.

ते तीन दिवस मी अव्वाला सांगायच्या थापा जुळवत होते. मधली खोली गळते. मधल्या खोलीत साप निघाला. पण कामात काम म्हणून मधल्या खोलीत डोकावतही होते. आमच्या घटाला तिसऱ्या माळेला मोड दिसले. तिच्या घटाची माती तशीच कोरी. ती सकाळ-संध्याकाळ समोर बसून बघत राहायची. तिनं जेवणही सोडलं होतं. घट उगवला नाही म्हणजे आई नाही म्हणाली, असं तिनं मनात धरलं असणार. मी ते तिला विचारलं नाही. विचारून पुन्हा तिचं उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती. त्याच दिवशी जिन्याखालच्या पांढऱ्या मातीच्या ढिगाला खळगा पडलेला दिसला. मी मांजरावर आळ घेतला आणि त्याच्या मागं केरसुणी घेऊन लागले.

चौथ्या माळेला गाड्या आल्या. शेजारी दारात हजर. अव्वा उतरली, मी तिच्या पायांवर तांब्या ओतला आणि म्हटलं, "अव्वा, ह्या खेपेला मधली खोली जरा..." साप सांगावा की गळती, हे ठरेपर्यंत म्हातारी मधल्या खोलीत पोचलीसुद्धा.

मी मागून धावले. अव्वा घटासमोर कमरेवर हात ठेवून उभी. कारकुनाची बायको डोक्यावरचा पदर सावरत भिंतीला टेकलेली. बाहेर दहा-अकरा माणसं बोचकी घेऊन ताटकळलेली. आता म्हातारी "गाड्या वळवा" म्हणणार, असं मला वाटलं.

म्हातारी खाली बसली. चिमटीत घटाची माती घेतली, बोटांत चोळली, चक्क जिभेला लावली आणि थुंकली.

"हे माती कुठलं घेतलं, पोरी?"

ती पोर माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "जिन्याखालची. शेतात माती आणायला गेले असते तर काकूंना कळलं असतं."

माझ्या माळवदाची माती! मांजराची मी मनातल्या मनात माफी मागितली.

अव्वा हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. "अगं बाई, गवत येऊ ने म्हणून हे माती छतावर घालतात. तू ह्यात गहू पेरलं? तुझा बा शेतकरी न्हाई काय?"

"न्हाई," ती पोर म्हणाली, "रेल्वेत हमाल." आणि ती रडायला लागली. चार दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं.

अव्वानं तिला रडू दिलं. मग मान वळवून बाहेर ओरडली, आपल्या थोरल्या मुलाला. पावसाच्या दिवसांत काळ्या रानातून आलेल्या गाड्या होत्या, चाकांना मातीचे गोळे चिकटले होते. फेटा बांधलेला तो एवढा मोठा बाप्या चाकाशी उकिडवा बसला आणि विळ्यानं चाकाची माती खरवडून घमेल्यात गोळा करायला लागला. आमचा शेजारी ते बघत होता. त्याला काहीच उमगेना.

हे तेवढ्यात देवळातून आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "पण घट..."

"घट हलवायचं न्हाई," अव्वा म्हणाली. "वरून माती घालायचं न्हाई असं कुठं लिहिलंय? दाखव पोथी."

ह्यांनी एकदा म्हातारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तशी मनाई कुठं वाचलेली न्हाई." लग्नानंतर मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

घट तसाच ठेवून अव्वानं भोवतीनं काळी माती भुरभुरली, आपल्या शिदोरीच्या बोचक्यातले गहू आणि जोंधळे पेरले, वर पुन्हा माती टाकली आणि पाणी शिंपडायला त्या पोरीचा हात धरून शिकवलं. मग तिथंच पूर्वेच्या भिंतीशी आपली वाकळ पसरली. "घटाला सोबत लागतं," म्हणाली. "ही पोरगी इकडं निजंल, मी तिकडं. नवरा बाहेर निजू दे." कारकून म्हणाला, "व्हय."

पुढचे दिवस त्या पोरीनं माझ्या बरोबरीनं यजमानांचा सैपाक केला. भाकरी माझ्यापेक्षा पातळ. अव्वानं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, आणि मला सोसावं लागलं. सातव्या माळेला सकाळी मी चुलीशी होते. ती धावत आली आणि माझा हात धरून ओढायला लागली. कोपऱ्यात काळ्या मातीतून पांढुरके मोड वर आले होते, दाटीवाटीनं. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. चुलीवरची भाजी करपली ती करपली.

दसऱ्याला अव्वानं आमच्या घटाचे तुरे घेतले नाहीत. त्या पोरीच्या घटाचे घेतले आणि आपल्या अंबाड्यात खोवले. गाड्या निघताना म्हणाली, "पुढच्या साली काळी माती मीच आणतो. तुझ्या घरचं माती छतावरच राहू दे." शेजारी आत निघून गेला.

मी कारकुनाची चिठ्ठी फाडून नवी लिहिली. मधल्या खोलीतला पूर्वेचा कोपरा नवरात्रातही त्यांचा. ह्या वेळी ती आधी बायकोला वाचून दाखवली. चैत्राच्या शेवटी तिला मुलगी झाली. पुढच्या घटाला ती पाच महिन्यांची होती आणि अव्वाच्या वाकळीवर पालथी पडून झेंडूची माळ ओढायची. दुसरं नवरात्र असं बसलं आणि असं उठलं.

त्याच्या पुढच्या आषाढात कारकुनाची परंड्याला बदली झाली.

हुकूम आला त्या दिवशी तो माझ्याकडं बघेना. ती रडली नाही. तिनं सामान बांधलं, खोली नेहमीसारखी सारवली, फक्त पूर्वेचा कोपरा चौकोनी तेवढा सोडून. लेकीला कडेवर घेतलं आणि जाताना म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून, काकू." मी तिच्या हातात लाडवांचा डबा दिला आणि आत आले. मधली खोली एका सड्या मास्तराला किरायानं गेली. त्याला मी सांगितलं, सगळीकडं राहा, तेवढा कोपरा सोडून. तो म्हणाला, तिथं काय पुरलंय? मी म्हटलं, शेळी.

भाद्रपद लागला तेव्हा मी परंड्याला पोस्टकार्ड टाकलं. मला लिहायची फारशी सवय नाही, त्यामुळं ते थोडक्यात झालं. "नवरात्रात किरायदाराला खोली देत नाही, हे तुला ठाऊक आहे. यजमानाला मनाई नाही. मास्तर अवसेच्या आत गावी जाईल. कोपरा मोकळा आहे. टाक घेऊन ये."

उत्तर आलं नाही. मी ह्यांना दोनदा विचारलं, पत्र पोचतं ना परंड्याला? ते म्हणाले, पोचतं. मास्तर गेला. अवस आली. आता अवसेला कुणी निघत नाही, उद्या सकाळी घट, आणि परंड्याहून सकाळची गाडी वेळेत पोचायची नाही. मी वड्यांचं पीठ मळत होते आणि स्वतःवर चरफडत होते. पत्रात तारीख घालायला काय झालं होतं?

दारात आवाज आला. दोन यष्ट्या बदलून आलेली ती उभी होती. कडेवर लेक, काखेत टाकांचं बोचकं, आणि हातात एक गाठोडं. ते ओलं होतं, त्यातून काळी माती गळत होती.

"अवसेची कशी गं निघालीस?" मी ओरडलेच.

"अवसेला घर सोडू ने, काकू," ती म्हणाली. "घरी यायला काय हरकत हाय?"

मी पिठाचे हात तसेच पदराला पुसले, आडावरून तांब्या भरून आणला आणि तिच्या पायांवर ओतला.